भाचीचं संचलन, दिल्ली आणि तुमची ७०-३०० लेन्स

राम राम भाऊ. आधी भाचीचं मनापासून अभिनंदन. अमळनेरच्या कॉलेजातली पोर एनसीसीच्या तुकडीतून कर्तव्य पथावर चालणार, हे वाचून सकाळीच घरच्यांना सांगितलं. तुम्ही विचारलंय की चार पास आहेत, ७०-३०० (लांबचं जवळ दाखवणारी) लेन्स आहे, २६ जानेवारीला तिचा चांगला फोटो कसा घ्यायचा आणि सोबत दिल्लीतलं काय काय टिपायचं.

स्पष्ट सांगतो, २६ तारखेच्या भरवशावर राहू नका. पासासोबत काय आणायचं नाही त्याची यादी येते, ती शब्द न् शब्द वाचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाचली नव्हती. पहाटे पाचला थंडीत रांगेत लागलो आणि गेटवर कॅमेऱ्याची बॅग अडवली. ठेवायला जवळपास जागा नाही, शेवटी धाकटा भाऊ बॅग घेऊन बाहेर थांबला. त्याचं संचलन हुकलं ते हुकलंच. आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून कॅमेरा मुक्कामी ठेवा, फोन चालतो का ते यादीत बघा आणि त्या दिवशी पोरीला डोळे भरून बघा.

फोटोचे दिवस त्याच्या आधीचे. साधारण १७ ते २१ जानेवारीच्या दरम्यान सकाळी कर्तव्य पथावर साध्या तालमी होतात आणि २३ला पूर्ण पोशाखातली. पूर्ण तालमीला तिकीट आणि तपासणी असतेच, पण साध्या तालमीच्या दिवशी बॅरिकेडबाहेर, पोलीस उभं राहू देतील तिथून बरंच मिळतं. दाट धुकं असतं. त्यातून आधी बुटांचा आवाज येतो, मग रांग दिसते. माझ्याकडचा सगळ्यात आवडता फोटो तिथलाच आहे. तुकडी थांबलीय, एक कॅडेट वाकून हातमोज्याच्या पाठीने बुटावरचं दव पुसतेय, तोंडातून वाफ निघतेय. संचलनाच्या दिवशी असं काही दिसतच नाही.

भाचीला आजच फोन करून विचारा, कितव्या रांगेत आणि उजवीकडून कितवी? सगळ्यांचा गणवेश एक, चाल एक. हे माहीत नसेल तर तुकडी निघून जाते आणि आपण शोधतच राहतो. दुसरं म्हणजे सलामी मंचासमोर मान एकाच बाजूला वळते. तुम्ही त्याच बाजूला असाल तर चेहरा मिळेल, पलीकडे असाल तर मानेची मागची बाजू. जागा निवडता आली तर मंचाच्या बरंच अलीकडची घ्या, तिथे सगळ्या समोर बघून चालत असतात.

शटर (किती वेळ उघडं राहतं ते) सेकंदाच्या १/८०० च्या आसपास ठेवा, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला तरी चालेल. पाय पूर्ण उचलला की क्लिक. हा ठेका हाताला बसायला सराव लागतो आणि तो आपल्याकडेच करता येतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जा, धावत्या घोड्यांवर हात बसवा. जळगावच्या रामरथाला चाकाखाली मोगरी (लाकडी पाचर) लावणाऱ्या माणसांवर फोकस धरून बघा. गर्दीत धक्के खात, कोपर छातीला दाबून फोटो काढायला मी तिथेच शिकलो. विमानांना १/२००० लागतं. हेलिकॉप्टरला मात्र १/२५० पुरे, नाहीतर पंखा गोठल्यासारखा दिसतो.

आता वास्तू. जानेवारीत इंडिया गेट मोकळं मिळेल ही आशा ठेवू नका, दोन्ही बाजूंना स्टँड आणि कठडे असतात. तरी दुपारनंतर जा. कर्तव्य पथ जवळपास सरळ पूर्व-पश्चिम आहे, त्यामुळे उतरत्या उन्हात ती ४२ मीटरची कमान समोरून उजळते. सकाळी तिचीच काळी आकृती मिळेल, धुक्यात तीही सुंदर दिसते. शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात फोटोच्या आधी थोडा वेळ द्या, तिथल्या भिंतींवर शहिदांची नावं कोरलेली आहेत.

राष्ट्रपती भवनाबाबत एक गोष्ट कुणी सांगत नाही. भवनाच्या पायथ्याशी, विजय चौकात उभं राहून कॅमेरा लावला की भवन मधल्या चढाआड जातं, घुमट तेवढा उरतो. ल्युटेन्स आणि बेकर या दोन वास्तुरचनाकारांचं याच चढावरून बिनसलं होतं. जितके इंडिया गेटकडे मागे याल तितकं भवन वर येतं. तुमची ३०० ची बाजू तिथे खरी कामाची. सूर्य अगदी घुमटामागे उतरलेला हवा असेल तर मार्चअखेर किंवा सप्टेंबरात यावं लागेल. जानेवारीत तो डावीकडे, साउथ ब्लॉक या सरकारी इमारतीच्या अंगाला मावळतो.

२९ला विजय चौकात बीटिंग रिट्रीट (सैन्यदलांच्या बँडचा समारोप सोहळा) असतं. पास मिळाला नाही तर २८च्या तालमीचं तिकीट बघा, संरक्षण मंत्रालयाच्या आमंत्रण संकेतस्थळावर मिळतं, गेली काही वर्षं अगदी २० रुपयांत. कॅमेऱ्याचा नियम तिथेही तपासा. शेवटी बँड परत निघतात आणि एका क्षणात सगळ्या इमारतींवर दिवे लागतात. फोननेच काढत असाल तर उजळलेल्या भागावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, नाहीतर सगळं पांढरं फटक येतं.

चित्ररथ निवांत टिपायचे असतील तर २६ नंतर लाल किल्ल्यासमोरच्या मैदानात भारत पर्व भरतं, गेली काही वर्षं ते रथ तिथे मांडतात. ड्रोन मात्र घरीच राहू द्या, दिल्लीत तो काढूच नका.

भुसावळहून पंजाब मेल, कर्नाटक किंवा झेलम, जी मिळेल ती धरा, पण एक दिवस हातचा ठेवा. धुक्यात गाड्या तासन् तास अडकतात. बॅटऱ्या स्वेटरच्या आत ठेवा, थंडीत लवकर उतरतात. आणि कॅम्प संपून भाची बाहेर आली की गणवेशात, तुऱ्याच्या टोपीसकट, आईजवळ उभी करा. सावलीत, ५० च्या लेन्सने, दोघींना बोलू द्या आणि काढत राहा. रांग नंबर कळला की इथे टाका, कुठे उभं राहायचं ते नकाशावर खूण करून देतो.