आंबुशी की आंबोशी? आणि वूड सॉरेलला मराठीत काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगते, लगेच लिहायला बसले कारण ही वनस्पती आणि हा शब्द दोन्ही माझ्या फार जवळचे आहेत. तुम्ही लिहिलंय की माहेरी सोलापूरकडे आई कुंडीत आपोआप उगवणाऱ्या त्या तीन पानांच्या आंबट रोपाला आंबुशी म्हणायची, सासरी रत्नागिरीत आंबोशी म्हटलं की सासूबाई बरणीतून वाळवलेल्या कैरीच्या फोडी काढतात, आणि मुलाच्या प्रोजेक्टमधलं वूड सॉरेल अ‍ॅपमध्ये टाकलं तर 'लाकूड सॉरेल' आलं. मग बरोबर कोण?

आई आणि सासूबाई दोघी बरोबर आहेत, अ‍ॅप चुकलंय.

आधी आंबोशी घेऊ. कैरीच्या फोडी मीठ लावून कडक उन्हात वाळवतात आणि पावसाळ्यात आमटीत किंवा माशाच्या कालवणात टाकतात ती आंबोशी, हा शब्द संस्कृतातल्या आम्रपेशीवरून आलाय, पेशी म्हणजे फोड, तुकडा. मधला प जिभेवर घासून घासून व झाला, तोही पुढे विरघळला आणि उरलं आंबोशी. आंबुशीचं मूळ मात्र आंब्यात नाही, अम्लात आहे. गंमत अशी की आम्र आणि अम्ल हे दोन अगदी वेगळे शब्द, पण प्राकृतात दोघांचंही 'अंब' झालं (अम्लाचं अंबिल असंही झालं), आणि मराठीत दोन्ही घराणी एकाच दारातून आत आली. म्हणून आज आंबेहळद मधला आंबा खरा आंबाच आहे, कारण त्या हळदीला कैरीसारखा वास येतो, पण आंबील, आंबट, आंबवणं यांचा आंब्याशी काही संबंध नाही, ते सगळे अम्लाचे. आंबुशी या दुसऱ्या घरातली. कोणी तिला आंबुटी म्हणतं, कोणी आंबोतीसुद्धा, आणि काही ठिकाणी लोक रोपालाही आंबोशीच म्हणतात, त्याला मी चूक म्हणणार नाही, दोन शब्द इतके जवळ आल्यावर असं व्हायचंच. पण लिहिताना फरक ठेवायचा असेल तर रोप ती आंबुशी आणि कैरी ती आंबोशी, एवढं सांभाळलं तर वाचणाऱ्याचा घोळ होत नाही.

आता वूड सॉरेल. यातलं वूड म्हणजे लाकूड नव्हे, रान. युरोपातल्या जंगलात झाडांच्या सावलीत पांढऱ्या फुलांची एक जात वाढते, ऑक्झॅलिस अ‍ॅसिटोसेला, तिचं हे नाव, म्हणजे 'रानातलं सॉरेल'. आणि सॉरेल म्हणजे आपला चुका, ती आंबट पालेभाजी, किंवा चुक्याचा युरोपातला भाऊ म्हणा. चुका रुमेक्स कुळीचा, आंबुशी ऑक्झॅलिस, दोघांचं वनस्पतिशास्त्रात काहीच नातं नाही, पण चव दोघांचीही ऑक्झॅलिक अ‍ॅसिडमुळे आंबट, म्हणून इंग्रजांनी एकाच्या नावावरून दुसऱ्याचं पाडलं. आणि आपल्याकडेही नेमकं हेच झालंय! संस्कृत निघंटूत, म्हणजे वनस्पतींच्या नावांच्या जुन्या कोशांत, चांगेरी म्हणजे आंबुशीच, आणि तिच्या पर्यायी नावांमध्ये चुक्रिका आहे, हे चुक्र म्हणजेच आपल्या चुक्याचं मूळ. दुसरं नाव अम्ललोणिका, लोणिका म्हणजे घोळाची भाजी, तर ही 'आंबट घोळ'. तिसरं दंतशठा, दातांना छळणारी, आणि हे नाव ज्याने ठेवलं त्याने मूठभर पाला एकदम चावून बघितला असणार याबद्दल मला शंका नाही.

हे सगळं बघताना मला सगळ्यात आवडतं ते असं की जगभरात या झाडाचं नाव डोळ्यांनी कमी आणि जिभेने जास्त ठेवलंय. ऑक्झॅलिस ग्रीकमधल्या ऑक्सिस म्हणजे आंबट, तीक्ष्ण यावरून. सॉरेल जुन्या फ्रेंचमधल्या आंबट या अर्थाच्या शब्दावरून. तमिळमध्ये पुळियारै, तेलुगूत पुलिचिंत, दोन्हीकडे पुळि-पुलि म्हणजे आंबट. बंगालीत आमरुल. आणि मराठीत आंबुशी. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी पान तोंडात टाकलं आणि तेच म्हणाली. अ‍ॅसिडचं नाव तर चक्क झाडावरून आलंय, ऑक्झॅलिक म्हणजे ऑक्झॅलिसमधलं. मी परवा पितळेच्या निरांजनावर मूठभर आंबुशी चुरून घासली, काळपट थर सुटून पाला हिरवट-काळा झाला आणि खालचं पितळ चिंचेने घासल्यासारखं उजळलं, मुलाला प्रोजेक्टमध्ये हे करून दाखवता येईल.

नावात आकार कुठे आला तर तो शास्त्रीय नावात. आपल्या पिवळ्या फुलांच्या आंबुशीला स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये ऑक्झॅलिस कॉर्निक्युलाटा म्हटलं, कॉर्निक्युलाटा म्हणजे बारीक शिंगांची, कारण तिच्या शेंगा. एकदा कुंडीजवळ बसून नीट बघाच, नखाएवढ्या उभ्या शेंगा, पाच कंगोऱ्यांच्या, छोट्या भेंडीसारख्या दिसतात, आणि पिकलेल्या शेंगेला नुसतं बोट लावलं तरी तट्तट् करून बिया उडून तोंडावर येतात. प्रत्येक बीभोवती एक ताणलेलं पारदर्शक आवरण असतं, ते अचानक उलटं होतं (मोजा उलटा करतो तसं) आणि बी बाहेर फेकली जाते. म्हणूनच तर ती एका कुंडीतून दहा कुंड्यांत जाते, त्यात आडव्या सरकणाऱ्या खोडाला पेराशी मुळं फुटतात ते वेगळंच. संध्याकाळी तीनही पानं मधल्या घडीवर दुमडून मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबतात आणि सकाळी परत उघडतात.

ते क्लोव्हर आहे का, असंही विचारलंय तुम्ही. नाही. क्लोव्हरचा नातेवाईक आपले शेतकरी ओळखतात, बरसीम, जनावरांचा चारा, तो शेंगवर्गातला. त्याची पर्णिका, म्हणजे तीन पानांतलं एकेक पान, लांबट गोल असते, आंबुशीची टोकाला खाच असलेली, बदामाच्या पत्त्यासारखी, आणि तीन बदाम टोकाशी जोडलेले. आणि चार पानांची आंबुशी सापडली असं कोणी तळ्याकाठचा फोटो पाठवून सांगितलं तर ते बहुतेक सुनिषण्णक असतं, मार्सिलिया, ते तर नेचाच्या गोतातलं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याची ओळखच अशी दिलीय की पानं चांगेरीसारखी पण चार दलांची आणि पाणथळ जागी येणारं, म्हणजे सोळाव्या शतकातही लोकांचा गोंधळ होत होता आणि कोणीतरी काळजीने फरक लिहून ठेवला.

आंबुशीचं गोत मोठं आहे हो, ऑक्झॅलिसच्याच पाचशेहून जास्त जाती, सगळ्यात जास्त दक्षिण अमेरिकेत आणि दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात. पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरात एका जातीचे कंद बटाट्यासारखे पिकवतात, ओका म्हणतात, उन्हात ठेवले की गोड होतात. आपल्या बागांत गुलाबी फुलांची मोठ्या पानांची दिसते ती अमेरिकेतून आलेली, ती उपटली तरी खाली बारीक गाठी राहतात आणि पुन्हा उगवते, आणि नर्सरीत जांभळ्या त्रिकोणी पानांची मिळते तीही याच कुळातली. मराठीत यांना वेगळी नावं रुळलेली नाहीत, गुलाबी आंबुशी, जांभळी आंबुशी म्हणायला काय हरकत आहे, मी तर तसंच म्हणते.

आणि या कुटुंबातला एक शब्द तर मराठीने जगाला दिलाय, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मॉलमध्ये स्टारफ्रूट म्हणून मिळतं ते फळ आंबुशीच्याच कुटुंबातलं, आडवं कापून बघा, पाच कंगोरे, आंबुशीच्या शेंगेचीच मोठी आवृत्ती. त्याचं शास्त्रीय नाव अ‍ॅव्हेरोआ कॅरम्बोला, आणि कॅरम्बोला हा शब्द पोर्तुगीजांनी मराठीतल्या करंबळवरून उचलला असं इंग्रजी शब्दकोशांतही छापलेलं आहे. संस्कृतात या फळाला कर्मरंग म्हणतात. आज आपणच त्याला स्टारफ्रूट म्हणतो याचं मला मनापासून वाईट वाटतं. (करमळ नावाचं एक मोठ्या पानांचं झाडही आहे, डिलेनिया, ते वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.) गोव्यात माशाच्या कालवणात पडणारी आंबटढोण बिंबलं हीसुद्धा याच घरातली. आणि सह्याद्रीत पावसाळ्यात वीतभर खोडावर पानांची छत्री धरून उभी असलेली, हात लावला की पानं मिटणारी लाजरी, बायोफायटम, तीही आंबुशीची चुलत बहीण. नेहमीची गुलाबी गोंड्यांची काटेरी लाजाळू मूळची अमेरिकेतली, मग संस्कृतातली लज्जालु कोण, असा प्रश्न पडतो, आणि माझा कल लाजरीकडे आहे.

तर मुलाच्या वहीत वूड सॉरेलसमोर 'आंबुशी' लिहा, युरोपातली जात सांगायची असेल तर 'रान-आंबुशी', आणि चुका हे भाजीचं नाव तिथे लिहू नका. चित्र काढताना पर्णिकेच्या टोकाला खाच काढायला सांगा, ती काढायची राहिली तर बरसीम होईल. आणि तूरडाळ, शेंगदाणे, गूळ घालून आंबुशीची पातळ भाजी करणार असाल तर जरूर करा, फक्त घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर त्यांना वाढू नका, ते ऑक्झॅलेट त्यांना चालत नाही, आणि तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात शिजवू नका, निरांजनाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे.