प्रार्थना करते, तरी समाधान का टिकत नाही?

“उपास करते, प्रार्थना करते, रविवार चुकवत नाही. तरी मनाचं समाधान टिकत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?”

समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी सतत ऐकते. कधी कॉलेजातली मुलगी विचारते, कधी निवृत्त रेल्वे कर्मचारी, तर कधी स्वतः पाळकाची पत्नी. नागपुरात सगळ्या परंपरांचे ख्रिस्ती आहेत. सहा मंडळ्या, म्हणजे चर्च-संघटना, एकत्र येऊन 29 नोव्हेंबर 1970 रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ (सीएनआय) झाली, तीही इथेच. माझ्याकडे सीएनआयचे लोक येतात, कॅथलिक येतात, मेथडिस्ट येतात, टाळ्या वाजवत आराधना करणारे पेंटेकॉस्टलही येतात. उपासनेच्या रीती वेगळ्या, पण तक्रार एकच: कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे मोठ्या प्रार्थनासभेत, मन भरून येतं, आणि घरी परतल्यावर चार दिवसांत पुन्हा रितं होतं. मग माणूस प्रार्थनेचा वेळ वाढवतो, उपास वाढवतो आणि अधिकच थकतो.

एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांच्या संमतीने सांगते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या नर्स आहेत. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणायचे.

पहिल्या भेटीत त्या ताठ बसल्या होत्या. “मॅडम, मी सगळं करून राहिली. सकाळची भक्ती, उत्पन्नाचा दशांश, महिला मंडळ. पण आतून काहीच होऊन नाही राहिलं. गाणं म्हणते तर नुसते ओठ हलतात.”

“हे कधीपासून?”

“मिस्टर गेले तेव्हापासून. पण त्याचं मी प्रभूच्या हाती सोपवलं. त्याचा काही प्रॉब्लेम नाही.”

त्यांचे मिस्टर एप्रिल 2021 मध्ये गेले. कोरोनाची दुसरी लाट. त्या महिन्यात नागपूरने काय भोगलं ते इथल्या कुणाला सांगायला नको. सिस्टर एका दवाखान्यात कोविड वॉर्डात ड्यूटीवर होत्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या दवाखान्यात त्यांच्या नवऱ्याने प्राण सोडला. भेट झाली नाही. चर्च पुन्हा उघडल्यावर त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सगळ्यांसमोर सांगायला, उभं केलं. बायबलमधल्या ईयोबावर संकटांमागून संकटं आली, त्याचं वाक्य त्यांना पाठ होतं, तेच त्या बोलल्या: परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य असो. मंडळीत कितीतरी डोळे ओले झाले. ‘केवढा विश्वास!’ असं लोक अजूनही म्हणतात.

सुरुवातीच्या बऱ्याच भेटी आम्ही त्या साक्षीच्या भोवतीच फिरत होतो. मी नवऱ्याबद्दल विचारलं की सिस्टर बायबलमधलं वचन सांगायच्या. वचनं खरी होती, त्यांची श्रद्धाही खरी होती. पण इतक्या वर्षांच्या कामात माझा कान एका गोष्टीला सरावला आहे: माणूस बोलता बोलता कुठे थबकतो, ते मला ऐकू येतं. सिस्टर दर वेळी ‘ड्यूटी’ या शब्दाशी थबकायच्या. उत्तर देण्याची घाई मी करत नाही. ज्याला जे कुणालाच सांगता आलं नाही, ते सांगायला जागा मिळाली की अर्धं काम होतं, असं माझं मत आहे आणि ते वर्षांगणिक पक्कंच होत गेलं आहे.

एका भेटीत मी विचारलं, “सिस्टर, तुम्ही ईयोबाचं वाक्य बोललात. ते कितव्या अध्यायातलं?”

“पहिल्या.”

“पुस्तकात अध्याय किती?”

“बेचाळीस.”

“तिसऱ्यात काय आहे?”

त्या गप्प झाल्या. बायबल त्यांना चांगलं माहीत होतं. तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. पुढे सांत्वनाला आलेले मित्र त्यालाच दोष देतात, आणि अध्यायामागून अध्याय तो देवाला जाब विचारतो, ‘मला उत्तर दे’ म्हणतो.

“आणि शेवटी देव कुणाला बरोबर म्हणतो?”

“ईयोबाला,” त्या हळूच म्हणाल्या. “मित्रांना नाही.”

“मित्र तर देवाची बाजू घेऊन बोलत होते.”

बराच वेळ गेला. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. “मी दुसऱ्यांच्या माणसांचे हात धरून होती, मॅडम. रात्रभर. मह्या माणसाचा हात कोणी धरला? हे मी देवाला विचारलंच नाही. कसं विचारू? लोक म्हणतील, हिचा विश्वास गेला.”

“आता विचारा.”

आणि त्यांनी विचारलं. माझ्यासमोर, मोठ्याने, शुद्ध नागपुरी बोलीत. ती प्रार्थना मी इथे लिहिणार नाही, ती त्यांची आहे. पण इतकी प्रामाणिक प्रार्थना मी चर्चमध्येही फार वेळा ऐकलेली नाही. रडून झाल्यावर त्या म्हणाल्या, “वरून खपली धरली होती, आत पू तसाच होता. पेशंटला आम्ही असं कधी सोडत नाही.”

त्या क्षणी मला जे नेमकं दिसलं, ते तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. सिस्टरचा विश्वास कमी पडला नव्हता. पहिल्या अध्यायातल्या वाक्यावर त्यांना उभं केलं गेलं आणि त्या तिथेच उभ्या राहिल्या. पुढचे अध्याय चालायला त्यांना कुणी परवानगीच दिली नाही. जे देवापासून लपवलं आहे, तिथे देवाची शांती पोहोचणार कशी?

ख्रिस्ती समाधान म्हटलं की प्रेषित पौलाचं वचन हटकून निघतं: टंचाईत आणि विपुलतेत, कोणत्याही स्थितीत तृप्त राहायला मी शिकलो आहे. कितीतरी घरांत ते भिंतीवर लावलेलं असतं. ते फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे, आणि पौलाने ते बंदिवासातून लिहिलं. पण त्याच पत्राचा दुसरा अध्याय वाचा. पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारी होता, तो वाचला. नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं तोच पौल लिहितो. म्हणजे तृप्त पौलाला दुःख होत होतं, काळजीही होती. शिवाय फिलिप्पैच्या लोकांनी पाठवलेली मदत त्याने घेतली आणि ‘माझ्या संकटात वाटेकरी झालात हे चांगलं केलंत’ असंही म्हटलं. टिकणारं समाधान हे असं असतं. दुःख त्याच्या शेजारीच नांदतं आणि माणसांचा आधारही त्याला चालतो.

आपल्या साक्षींमधून मधला काळ गळतो, ही माझी जुनी खंत आहे. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचंच घ्या. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत त्यांना एक परदेशी सहप्रवासी भेटला आणि त्याने नवा करार दिला, हे आपण हौसेने सांगतो. बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला. मधल्या काळातली घालमेल, आणि त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाईंपासून झालेली काही वर्षांची ताटातूट, हे कोण सांगतं? मग ऐकणाऱ्याला वाटतं, सगळ्यांचं एका क्षणात होतं, माझंच होत नाही.

सिस्टरना मी फार काही करायला सांगितलं नाही. रोज बायबलमधलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा, एवढंच. जेमतेम सहा ओव्यांचं आहे. ‘कोठवर?’ हा प्रश्न त्यात चारदा येतो आणि शेवट गाण्यात होतो. शेवटची ओवी खरी वाटत नसेल त्या दिवशी आधी थांबा, असंही सांगितलं. कित्येक दिवस त्या चौथ्या ओवीलाच थांबायच्या. दुसरं, मंडळीतली एक बाई निवडा, जिच्यासमोर वचन न सांगता नुसतं बसता येईल. आणि त्यांची झोप फार बिघडली होती, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं. “गोळ्या घेतल्या तर प्रभूवर भरवसा नाही असं नाही का होणार?” असं त्यांनी विचारलंच. रानात एका झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी उपदेश केला नाही, झोपू दिलं, भाकर आणि पाणी दिलं, दोनदा दिलं, हे मी त्यांना आठवून दिलं. तुमच्यापैकी कुणाला झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर स्तोत्र वाचाच, पण त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा.

त्या बऱ्या होत गेल्या, पण सरळ रेषेत नाही. एप्रिल आला की अजूनही त्यांना त्रास होतो. फरक एवढाच की आता त्याची त्यांना भीती वाटत नाही. “समाधान आहे का ते तपासणं सोडलं मी,” त्या शेवटच्या एका भेटीत म्हणाल्या. “मंग कधीमधी ड्यूटीवरून येताना लक्षात येते, अरे, आहे की.” महिला मंडळात त्यांनी पुन्हा साक्ष दिली, या वेळी तिसऱ्या अध्यायासकट. त्यानंतर तिथल्या दोघी जणी माझ्याकडे आल्या.

पाळकांना आणि मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना माझी एक विनंती आहे. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर निदान वर्षभर त्या माणसाच्या हाती माईक देऊ नका. ईयोबाच्या मित्रांनी पहिले सात दिवस आणि सात रात्री जे केलं तेवढंच बरोबर होतं. ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. आपल्याकडे पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं, महिन्याने कुणी फिरकत नाही. तिसऱ्या, चौथ्या महिन्यात जा, जेवणाचा डबा घेऊन जा, आणि गेलेल्या माणसाचं नाव आपणहून काढा.