ग्रीक, रोमन आणि नंतरचे युरोपीय दर्यावर्दी झाले ते भूगोलामुळेच का?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो: किनारा तर कितीतरी देशांना आहे, मग सगळेच दर्यावर्दी का झाले नाहीत?

माझं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या एका गावात गेलं. समुद्र दारात असूनही गावातली निम्मी घरं भातशेती आणि आंब्यावरच जगत होती. त्यामुळे नकाशा उघडला की किनारा किती लांब आहे हे मी आधी बघत नाही. किनाऱ्यामागच्या जमिनीत काय पिकत नाही ते बघतो, आणि मग वारा कोणत्या महिन्यात कुठून सुटतो ते.

ग्रीसपासून सुरुवात करू. तिथला बहुतेक प्रदेश डोंगराळ आणि चुनखडीचा. ऑलिव्ह आणि द्राक्षं उत्तम येतात, जवही थोडाफार होतो, पण गव्हाची बोंब. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात डोंगर ओलांडून माल नेण्यापेक्षा होडीने वळसा घालणं कितीतरी सोपं. त्यात एजियन समुद्रात बेटं इतकी दाट आहेत की निरभ्र दिवशी मागचं बेट दिसेनासं होण्याआधी पुढचं दिसायला लागतं. भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच. आमच्याकडे भरतीची वेळ पाहिल्याशिवाय होडी सुटत नाही, गाळात रुतण्याची भीती असते. तिथे संध्याकाळी कुठल्याही वाळूवर होडी ओढून घ्यावी आणि सकाळी पुन्हा ढकलावी. शिकाऊ माणसाला याहून चांगला समुद्र मिळणार नाही. प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटीस म्हणतो, डबक्याभोवती मुंग्या किंवा बेडूक राहावेत तसे आपण समुद्राभोवती राहतो.

पण समुद्र सोपा आहे एवढ्याने कुणी आरमार बांधत नाही. अथेन्सला ते बांधावं लागलं, आणि टिकवावं लागलं ते पोटासाठी. इ.स.पू. चौथ्या शतकात अथेन्सचा वक्ता डेमोस्थेनिस एका भाषणात सांगतो की एकट्या क्रिमियाकडच्या राज्यातून वर्षाला सुमारे ४ लाख मेदिम्नोस (धान्य मोजायचं ग्रीक माप) धान्य येतं, आणि बाकी सगळीकडून मिळून साधारण तेवढंच. आजच्या हिशोबाने ते ४ लाख म्हणजे अंदाजे १६ हजार टन. हे धान्य दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीतून यायचं, जी सर्वांत चिंचोळ्या जागी जेमतेम सव्वा किलोमीटर रुंद आहे. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टाचा सेनापती लायसँडर याने तिथेच, एगोस्पोटामीला, अथेन्सचं आरमार किनाऱ्यावर गाठून संपवलं. पुढच्या वर्षी अथेन्स शरण आलं. शहराच्या भिंती शाबूत होत्या, आत धान्य नव्हतं.

स्पार्टाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्यांनाही किनारा होता, गिथिओनसारखं बंदर होतं. पण शेजारच्या मेसेनियाची सुपीक जमीन आणि ती कसणारे हेलॉट, म्हणजे भूदास, हाताशी असल्यामुळे शतकानुशतकं त्यांना समुद्राची गरजच पडली नाही. लायसँडरचं आरमारसुद्धा उभं राहिलं ते इराणी पैशावर.

ग्रीकांनी इराणी आरमाराला हरवलं त्या सलामिसच्या लढाईबद्दल (इ.स.पू. ४८०) थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तीन वर्षं आधी अथेन्सजवळच्या लॉरिऑनच्या खाणीत चांदीचा मोठा साठा लागला होता. ती चांदी नागरिकांत वाटून न टाकता तिची जहाजं बांधा, असं अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लिस याने लोकांच्या गळी उतरवलं. तेव्हा डोंगरातून चांदी निघाली हा भूगोल, पण तिचं काय करायचं हे माणसांनी ठरवलं. आणि लढाईच्या दिवशी, चरित्रकार प्लुटार्क सांगतो, रोज ठरावीक वेळी समुद्राकडून येणारा वारा आणि लाटा सुरू होईपर्यंत थेमिस्टोक्लिस थांबला. ग्रीकांच्या बुटक्या जहाजांना त्याचा त्रास नव्हता, पण शत्रूची उंच जहाजं त्या वाऱ्याने आडवी फिरू लागली. आमच्याकडे याला खारा वारा म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या गावचे तांडेल आठवले. दुपारचा वारा कधी भरणार हे ते अंगणात बसून सांगायचे.

रोमची गोष्ट उलटी. शहर टायबर नदीवर, समुद्रापासून पंचवीसेक किलोमीटर आत. लॅटियम आणि कँपानियाची ज्वालामुखीच्या राखेची कसदार जमीन जवळच. त्यामुळे बराच काळ हे लोक शेतकरी आणि पायदळाचे सैनिक. सिसिली बेटावरून आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेजशी जुंपली तेव्हा मात्र पाण्यात उतरणं भाग पडलं. इतिहासकार पॉलिबियस सांगतो की किनाऱ्याला लागलेलं एक कार्थेजी जहाज नमुन्याला ठेवून त्यांनी १२० जहाजं बांधली (६० दिवसांत, असं रोमन लेखक प्लिनी म्हणतो), आणि वल्हवणाऱ्यांना जमिनीवर बाकं मांडून शिकवलं. जहाजं झाली, पण समुद्र कळायला वेळ लागला. इ.स.पू. २५५ मध्ये सिसिलीचा दक्षिण किनारा या दिवसांत धोक्याचा आहे असं वाटाड्यांनी बजावूनही सरदारांनी ऐकलं नाही. ३६४ पैकी ८० जहाजं वादळातून वाचली.

पुढे रोम इतकं वाढलं की तेही इजिप्तच्या गव्हावर जगू लागलं, आणि मग वाऱ्याने त्यांचं वेळापत्रक ठरवलं. पूर्व भूमध्य समुद्रात उन्हाळाभर वारा उत्तरेकडून वाहतो. रोमहून अलेक्झांड्रियाला दोन-तीन आठवड्यांत पोचता यायचं, पण गहू भरून परत यायला दोन महिने किंवा त्याहून जास्त. हिवाळ्यात समुद्र बंद. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून पुन्हा लोटतात, तसाच त्यांचाही समुद्र मार्चमध्ये उघडायचा.

याच इजिप्तमधून जहाजं आपल्याकडेही यायची, साधारण जुलैत निघून नैऋत्य मोसमी वाऱ्यावर. लाल समुद्रावरच्या मायोस होर्मोसहून १२० जहाजं भारताकडे जातात, असं ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो. इथे कारण भूक नव्हतं, मिरी आणि कापड होतं, पण ये-जा वाऱ्यानेच बांधलेली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने कल्याण बंदराचीही नोंद केली आहे: राजकीय भांडणामुळे तिथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जातात. कोल्हापूरला गेलात तर टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती जरूर बघा. ग्रीकांचा समुद्रदेव घाट चढून पंचगंगेकाठी आला होता.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात. भूमध्य समुद्राने शिकवलेली वल्ह्यांची जहाजं अटलांटिकमध्ये चालली नसती. पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेला सहज गेले, पण परतताना वारा तोंडावर. त्यावर त्यांनी शोधलेली युक्ती अशी की किनारा सोडून आधी भर समुद्रात वायव्येला जायचं, आणि पश्चिमेचे वारे मिळाले की घराकडे वळायचं. जमीन दिसेनाशी होऊ द्यायची, हे एजियनमध्ये शिकलेल्या माणसाला कधी करावंच लागलं नव्हतं. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला. त्यानंतर ७३ वर्षांनी, १५७१ मध्ये, ग्रीसच्या किनाऱ्याजवळ लेपांतोला भूमध्य समुद्रातली दोन मोठी आरमारं, तुर्कांचं आणि ख्रिस्ती राज्यांचं, एकमेकांवर चालून गेली, ती अजून वल्ही मारतच.