ड्रकेनमिलर यांना सलग तीस वर्षं तोटाच झाला नाही, हे खरं का? त्यांची पद्धत आपल्याला जमेल का?

खरं आहे, पण जरा जपून वाचा. अमेरिकन गुंतवणूकदार स्टॅनली ड्रकेनमिलर यांनी १९८१ मध्ये ड्यूकेन कॅपिटल ही लोकांचे पैसे गुंतवणारी कंपनी काढली आणि २०१० मध्ये बंद केली. एवढ्या काळात एकही कॅलेंडर वर्ष तोट्यात गेलं नाही, सरासरी परतावा वर्षाला ३० टक्क्यांच्या आसपास. मधले महिने मात्र रडवणारे होते.

अर्थशास्त्राची पीएचडी अर्धवट सोडून ते पिट्सबर्गच्या एका बँकेत तेल कंपन्यांचा अभ्यास करायला लागले. १९८८ पासून बडे गुंतवणूकदार जॉर्ज सोरोस यांचा क्वांटम फंडही सांभाळू लागले.

त्यांची पद्धत कळायला १९९२ चा पौंडाचा सौदा पुरेसा आहे. पौंड जर्मन मार्कशी बांधलेला होता, २.७८ मार्कच्या खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरलेलं. पूर्व-पश्चिम जर्मनीच्या एकीकरणानंतरच्या महागाईमुळे जर्मनीला व्याजदर चढे हवे होते, आणि मंदीत रुतलेल्या ब्रिटनला ते झेपत नव्हते. म्हणून ड्रकेनमिलर यांनी पौंड पडेल यावर पैसे लावायचं ठरवलं. अंदाज चुकला तरी पौंड वर वर जाऊन किती जाणार? बरोबर आला तर मात्र कोसळणार. सोरोस यांनी हे ऐकलं आणि सौदा आणखी मोठा करायला लावला. १६ सप्टेंबरला पौंड सावरायला बँक ऑफ इंग्लंडने व्याजदर १० वरून १२ टक्के केला, १५ ची घोषणा केली, आणि संध्याकाळी ब्रिटनने हात टेकले, पौंड मार्कपासून सोडवला. फंडाला सुमारे १०० कोटी डॉलरचा नफा झाला.

अंदाज पुष्कळांचा बरोबर येतो हो, रक्कम किती लावायची तिथे घोडं अडतं. ड्रकेनमिलर मोजकेच सौदे मोठे करतात, कंपनीच्या मागच्या निकालांपेक्षा पुढची दीड-दोन वर्षं आणि मध्यवर्ती बँकांची पावलं बघतात, आणि चूक कळली की लगेच विकून मोकळे होतात. आपल्यातले बरेच जण यातलं पहिलंच तेवढं उचलतात. पडलेला शेअर 'लाँग टर्म'साठी ठेवणारे आम्हीच की!

आणि त्यांचाही तोल गेलाच. २००० च्या सुरुवातीला, इतरांची कमाई बघवेना म्हणून त्यांनी ६०० कोटी डॉलरचे टेक शेअर अगदी शिखराजवळ घेतले. सहा आठवड्यांत ३०० कोटी गेले, आणि त्यांनी सोरोसची नोकरी सोडली. असं करायचं नसतं हे आधीच माहीत होतं, असं पुढे स्वतःच एका भाषणात सांगितलं.

मी स्वतः एसआयपीवाला. त्यांच्याकडून घेतलं ते एवढंच, की शेअर घेतानाच 'का घेतला' ते वहीत लिहायचं. ते कारण संपलं, की विकायचा. निम्म्या वेळा तेही जमत नाही.