रायफल परवडेल, पण आधी विमा

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 44, खासगी कारखान्यात अभियंता, हातात येणारा पगार 1 लाख 15 हजार. पत्नी घरीच असतात, मुलगी बारा वर्षांची. आठ वर्षांपासून दर शनिवारी-रविवारी ते नेमबाजी करतात. स्वतःची 10 मीटरची मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल आहे, शिवाय आजोबांची पॉइंट टू टू बोअरची ब्रनो रायफल गडहिंग्लजच्या घरातून परवान्यावर रीतसर आपल्या नावावर करून घेतली आहे. पत्रातला मोठा भाग या दोन रायफलींबद्दल आहे. पावसाळ्यात नळीला गंज धरू नये म्हणून दर रविवारी तेलाचा कपडा फिरवणं, कपाटातल्या सिलिका जेलच्या पुड्या बदलणं, अक्रोडाच्या दस्त्याला जवसाचं तेल. वाचताना बरं वाटलं. इतक्या निगुतीने वस्तू सांभाळणारी माणसं कमी भेटतात.

प्रश्न असा: "रेंजवरचे एक ज्येष्ठ त्यांची जर्मन बनावटीची 50 मीटरची मॅच रायफल साडेपाच लाखांना देत आहेत. माझ्याकडे दीड लाख आहेत. उरलेले चार लाख पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढावे, असे एजंट सुचवतात. युरो दरवर्षी महाग होतो आणि स्वप्निल कुसाळेच्या पदकानंतर खेळही वाढला आहे. त्यामुळे दहा वर्षांनी रायफलीचे 12 लाख सहज येतील, ते मुलीच्या शिक्षणाला होतील. की पॉलिसी सरेंडरच करावी?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. या पद्धतीने रायफल घेऊ नका.

युरो महाग झाला की नवी रायफल महाग होते. तुमच्या हातातली, दहा वर्षं वापरलेली रायफल त्याच चालीने वाढत नाही. चार लाखांचं साडेनऊ टक्क्यांनी व्याज वर्षाला 38 हजार, दहा वर्षांत पावणेचार लाख. म्हणजे मुद्दल सुटायलाच नऊ-सव्वानऊ लाखांचं गिऱ्हाईक हवं. तेही परवाना असलेलं. शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याचं शस्त्र दुसऱ्याला विकण्याआधी घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. मुलीच्या प्रवेशाची फी भरायची मुदत आठवड्याची असते. रायफल आयात केलेली असेल तर मूळ आयात परवान्यात विक्रीबद्दल काय अटी आहेत हेही पाहावं लागेल. आजचा सौदा करतानासुद्धा तो कागद मागाच.

स्वप्निलने 2024 साली पॅरिसला 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) कांस्य आणलं, कांबळवाडीच्या पोराने आपल्या सगळ्यांची मान उंचावली. पण रेंजवर जी नवी मुलं येतात ती बहुतेक 10 मीटरला येतात. त्या वर्गाच्या 4.5 मिलिमीटरच्या, 20 ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, म्हणून ती निदान हातोहात विकता तरी येते. अर्थात तिच्या हवेच्या सिलिंडरची मुदत दहा वर्षांची. तुमचा सिलिंडर आठ वर्षांचा असेल तर तो खर्च दोन वर्षांवर आला आहे, आणि तो तुमच्या हिशेबात कुठेच नाही. काडतुसांचाही नाही. आठवड्याला 60 झाडली तर वर्षाला तीन हजार. एक 20 रुपयांना धरलं तरी साठ हजार झाले. रायफल ही खर्चाची वस्तू आहे आणि तशी ती जरूर घ्यावी, आनंदासाठी घ्यावी. मुलीच्या शिक्षणाचा पैसा तिच्यात धरू नका.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत त्याकडे येतो. पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलं आहे: "विमा म्हणून ही 12 लाखांची पॉलिसी आहेच." आणि दोन परिच्छेद सोडून: "गृहकर्ज 41 लाख शिल्लक." ही दोन वाक्यं मी शेजारी-शेजारी ठेवली आणि रायफलीचा विचार थांबवला. 44 वर्षांचा एकटा कमावता माणूस, 41 लाखांचं कर्ज, आणि विमा 12 लाख.

घरखर्च हप्ता सोडून 45 हजार म्हणता, म्हणजे वर्षाला साडेपाच लाखांच्या आतबाहेर. तुमच्या मागे घर चालावं म्हणून त्याची वीसपट धरा, सुमारे 1 कोटी 10 लाख. त्यात कर्जाचे 41 लाख आणि मुलीच्या शिक्षणाचे 20 लाख मिळवा. एक कोटी सत्तर लाख झाले. तुमचा पीएफ 13 लाख आणि ही पॉलिसी 12 लाख वजा करा. दीड कोटीच्या जवळपास भोक आहे. आणि एजंटांचं म्हणणं ऐकून या पॉलिसीवर चार लाख काढलेत, तर तुमच्या मागे ते चार लाख आणि थकलेलं व्याज कापूनच उरलेली रक्कम घरी येईल. म्हणजे 12 चे आठ. रायफलीसाठी पत्नीच्या आणि मुलीच्या विम्यातून पैसे काढायला सांगणाऱ्या माणसाला सल्लागार म्हणू नका.

या पॉलिसीबद्दल माझा राग आहे, तो सांगूनच टाकतो. दहा वर्षं दरसाल 1 लाख 20 हजार भरायचे आणि विसाव्या वर्षाअखेर हमीचे 24 लाख घ्यायचे. तुम्हाला सांगितलं गेलं, "पैसे दुप्पट, आठ टक्के पडतात." बारा लाखांचे चोवीस झाले हे खरं, पण किती वर्षांत? हप्ते पहिल्या दहा वर्षांत विखुरलेले आहेत, त्यामुळे सरासरी एकेक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो. पैसे दुप्पट होण्याचा दर काढायला बहात्तरला वर्षांनी, इथे साडेपंधराने, भागतात: साडेचार टक्क्यांच्या थोडं वर. आठ कुठून आले? एजंटांना विचारा, आणि उत्तर कागदावर मागा.

तरीही रागाने सरेंडर करू नका. सहा हप्ते गेले, म्हणजे 7 लाख 20 हजार. कंपनी आज 4 लाख 60 हजार देते म्हणता. गेलेलं गेलं, आता प्रश्न फक्त पुढचा. आजचे 4.6 लाख आत ठेवून आणखी चार हप्ते, म्हणजे 4.8 लाख, भरले तर चौदा वर्षांनी 24 लाख. हा पुढचा परतावा सात टक्क्यांच्या वर जातो, आणि विम्याची रक्कम हप्त्याच्या दहापट असल्याने सध्याच्या नियमांत करमुक्तही आहे. मूर्खपणाचा भाग पहिल्या सहा वर्षांत भोगून झाला. उरलेला भाग चालवून घ्या. मात्र हाच हप्ता जड जाऊन खरा विमा घ्यायचा राहून जात असेल, तर पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. तेव्हा विम्याची रक्कम दहात सहा या प्रमाणात 7 लाख 20 हजारांवर येईल, हे ध्यानात ठेवा.

जड जाईल का? पगारातून कर्जाचा हप्ता 42 हजार, घर 45 हजार, पॉलिसीचे महिना 10, नेमबाजीचे 9. उरतात नऊ हजार. साठीपर्यंतचा दीड कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यूनंतर घरच्यांना रक्कम देणारा, तुमच्या वयाला वर्षाला 35 ते 45 हजारांत बसावा. महिना तीन-चार हजार. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही उठला आहे. बसतंय. रायफलीच्या कर्जाचं व्याज आणि काडतुसं मात्र यावर बसत नाहीत.

टर्मचा अर्ज भरताना एक गोष्ट. तुम्ही लिहिता की तीन वर्षांपूर्वी रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरांनी बीटा ब्लॉकर दिली होती आणि तुम्ही ती बदलून घेतलीत, कारण ती गोळी हात स्थिर करते म्हणून नेमबाजीत वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदीयादीत आहे, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. क्लबच्या स्पर्धेसाठी इतका प्रामाणिकपणा! आणि लगेच पुढे: "एजंट म्हणाले, आता टर्म घेतलाच तर बीपीचे लिहू नका, हप्ता वाढतो." हे ऐकू नका. वाढू दे हप्ता दोन-चार हजारांनी. नव्या पॉलिसीची पहिली तीन वर्षं कंपनीला माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येतो, आणि तो दावा मांडायला तुम्ही नसता. गोळीचं नाव, मात्रा, कधीपासून, सगळं लिहा. छंदाच्या रकान्यात नेमबाजीही लिहा. अर्ज स्वतः भरा, एजंटांच्या हातात पेन देऊ नका.

आणि ब्रनोबद्दल पत्नीला काय माहीत आहे? माझ्याकडे सल्ला घेणारे एक गृहस्थ अचानक गेले. त्यांच्या पत्नीला कपाटात वडिलोपार्जित बंदूक आहे एवढंच ठाऊक होतं. परवाना कुठे, त्याची मुदत कधीची, काडतुसं किती, काही नाही. तेराव्यानंतर त्या बाईंना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेलो होतो. त्यांच्या हाताची थरथर मला अजून दिसते. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर घरच्यांनी शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात; पुढे वारसाने स्वतःच्या नावावर परवाना घेतला तर ते परत मिळतं. एका कागदावर लिहून ठेवा: परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), नूतनीकरणाची तारीख, कपाटाची किल्ली, क्लबच्या सचिवांचा फोन. त्याच कागदावर खाली पीएफ, पॉलिसी, गृहकर्जाचा खाते क्रमांक आणि प्रत्येक ठिकाणचा नॉमिनी. पीएफला अजून तुमच्या आईचं नाव आहे, असं तुम्हीच लिहिलं आहे. लग्नाला पंधरा वर्षं झाली. ते याच आठवड्यात बदला.

हातातल्या दीड लाखाला सध्या हात लावू नका. महिन्याचा खर्च लाखाच्या पुढे असलेल्या घरात तो जेमतेम दीड महिन्याचा आधार आहे. 50 मीटरची हौस वर्षभर क्लबच्या रायफलीवर भागवा. ज्येष्ठांना स्पष्ट सांगा की आता जमत नाही. त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर मिळू दे. टर्मची वैद्यकीय तपासणी होऊन पॉलिसी हातात आली, आणि चार वर्षांनी हे दहा हजारांचे हप्ते संपले, की महिन्याला तेवढे बाजूला टाकून व्याज न देता रायफल घेता येईल. तेव्हा तुम्ही 48 चे असाल, आणि प्रोन, म्हणजे पालथं पडून नेम धरायच्या, पोझिशनला ते काही वय नाही.

वैद्यकीय तपासणीचा निकाल आणि विमा कंपनीने सांगितलेला हप्ता मला कळवा. वाढीव हप्ता लावला असेल तर तो वाजवी आहे का, ते पाहून सांगतो.