सिगारेट सोडतोयस ना? आधी चहाची टपरी सोड

भावा, पहिले तीन-चार दिवस जड जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते. तलफ मात्र पाच-दहा मिनिटांत ओसरते, तेवढीच टाळायची. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर घोळक्यात चहाला थांबतोस, खरी गोम तिथं आहे. बरीच पोरं धुरासाठी नाही, दोस्तांसाठी ओढायला लागतात. महिनाभर चहा घरीच पी, संध्याकाळी अजिंक्यतारा किल्ला चढ.

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या नादी लागू नकोस. त्यातही बहुतेक वेळा निकोटिनच असतं, आणि २०१९ पासून देशात विक्रीला बंदी आहे. चोरून आणलेल्यात काय भरलंय, कोण सांगणार? तलफ आवरायला निकोटिनचं गम डॉक्टरांना विचारून घे. थोडं चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं. च्युइंगमसारखं चघळलंस तर उचकी लागेल. एकट्याला जमेना तर तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय हेल्पलाइनला १८००-११-२३५६ वर फोन कर, फुकट आहे.