मार्क भरले, पुढे काय?

प्रश्न: गुहागरकडे जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथी एकत्र शिकवते. चाचणीचे मार्क रजिस्टरात भरते, पण त्यावरून शिकवण्यात नेमकं काय बदलू?

उत्तर: बाई, आधी वह्या उघडा, मूल कुठं अडलंय ते नुसत्या मार्कांतून कळतच नाही. ५२ − २७ चं उत्तर ३५ आलंय का बघा, म्हणजे ते मूल ७ मधून २ काढतंय, दशक सोडवणं, म्हणजे एका दशकाचे दहा सुटे करणं, समजलेलंच नाही, मग तसलीच अजून २० गणितं देऊन काय उपयोग? अशा वह्या वेगळ्या काढा, त्या मुलांना माडाच्या हिरांच्या (झावळीच्या काड्यांच्या) दहा-दहाच्या जुड्या सोडवून वजाबाकी करायला लावा, बाकीच्यांना तोवर शाब्दिक उदाहरणं. आणि ‘कसं केलंस?’ हे प्रेमाने विचाराच, खरी माहिती तिथंच मिळते. दोन-तीन दिवसांनी ४३ − १८ देऊन परत तपासा.